पोथीतले काळे किडे

लेकराला उपाशी ठेवणाऱ्याला आपण राक्षस म्हणतो. मग पोथ्यांनी भरलेल्या घरात लेकराला अक्षराविना वाढवणाऱ्याला काय म्हणायचं?

फार फार वर्षांपूर्वी एका राज्यात असाच एक ग्रंथपाल होता. राजाच्या ग्रंथालयाच्या किल्ल्या पिढ्यानपिढ्या त्याच्याच घराण्याकडे होत्या. घरातही पोथ्याच पोथ्या. रोज सकाळी तो रेशमी बासनांत गुंडाळलेल्या पोथ्यांना गंध-फूल वाही. त्याचा छोटा मुलगा रांगत जवळ आला, की तो त्याच्यावर ओरडे, "हात लावू नकोस! फाटेल!"

बायको म्हणे, "अहो, एखादी वाचून दाखवा की त्याला. चित्रं तरी बघू दे."

"पाचवं लागल्याशिवाय अक्षर दाखवायचं नाही, ही आपल्या घराची रीत आहे. मुहूर्तावर पाटी पुजली की भराभर शिकेल. मुलगा कुणाचा आहे!"

मुहूर्ताचा दिवस उजाडला. किल्ल्यांचा पुढचा वारस पाहायला खुद्द राजा आला. त्याने हौसेने बासन सोडलं आणि पोथी मुलापुढे धरली. मुलाने चटकन हात मागे घेतले आणि डोळे मिटून नमस्कार केला.

"अरे, उघड ना," राजा हसून म्हणाला.

मुलाने भीत भीत पान उलटलं, आणि किंचाळून तो आईला बिलगला. "आई, आत किडे! काळे काळे किडे!"

ग्रंथपालाला आत्ता कळलं: पोथीच्या आत काही लिहिलेलं असतं, हेच त्याच्या मुलाला ठाऊक नव्हतं!

"महाराज, पाच वर्षांची आमची रीत..." तो चाचरला.

"आणि त्याच्याशी बोलायला कुठला मुहूर्त धरला होतात?" राजाने विचारलं. "जन्मल्या दिवसापासूनच बोलत होतात ना?"

राजाने हात पुढे केला. ग्रंथपालाने किल्ल्या काढून दिल्या.

"मुलगा आपणहून पोथी मागेल, त्या दिवशी किल्ल्या न्यायला या," राजा म्हणाला.

ग्रंथपाल तिथेच जमिनीवर बसला. पोथी उघडून त्याने मुलाला हाक मारली, "ये रे बाळा, गोष्ट वाचू." मुलगा आईच्या पदराआड आणखी दडला.

बाहेर राजाच्या पालखीला खांदा देता देता एक भोई दुसऱ्याला म्हणाला, "बघितलंस ना गड्या? लहानपणी पोथी मांडीवर आली नाही, तर पुढं ती डोक्यात शिरायची कशी!"