डाव्या बाजूची सीट

“मॅन्युअल का ऑटोमॅटिक? वस्ताद, एकच शब्द सांगा. बाकी काही नको.”

हे मी फाटकातूनच ओरडलो. आत पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं.

बाबालाल वस्ताद अंगणात बसले होते. खुर्चीवर नाही, बाजेवर नाही, गाडीच्या सीटवर. खरोखरची गाडीची सीट, खाली विटा लावून ठेवलेली. मांडीवर चादर.

बाबालाल मुजावर म्हणजे आमच्या अर्ध्या कोल्हापूरला गाडी शिकवलेला माणूस. छतावर पिवळी पाटी लावलेली पांढरी गाडी, आणि शिकणाऱ्याच्या डाव्या बाजूला हे. ड्रायव्हिंग स्कूलवाल्याला लोक सर म्हणतात, काका म्हणतात. यांना सगळे वस्ताद म्हणायचे, तालमीतल्यासारखं.

मीही त्यांच्याकडंच शिकलो. सहा वर्षं झाली. लायसन्स मिळालं, पुण्यात नोकरी लागली, आणि...

आणि काय. परत गेलोच नाही. फोन नाही, काही नाही.

“कोण? इंद्या?” त्यांनी डोळे बारीक केले.

“हो, इंद्रजित! वस्ताद, ऐका ना. गाडी घेतोय. दिसायला एवढीशी, पण इंजिन बघाल तर नादच! टर्बो आहे. शून्य ते शंभर नऊ सेकंदांत. लाल रंग.”

“बस की आधी.”

“बसतो. पण संध्याकाळपर्यंत कळवायचंय. दोन आहेत, दोन्ही वापरलेल्या, दोन्ही लाल. एक आमच्या सम्याची, मॅन्युअल. तीच घेऊन आलोय, ती बघा बाहेर. दुसरी डीलरकडं आहे, ऑटोमॅटिक. आज नाही बोललो तर सम्या दुसऱ्याला देणार.”

“दोन्ही चालतात?”

“चालतात म्हणजे? पळतात!”

“मग?”

मग काय मग! मला वाटलं, म्हातारा झाला वस्ताद. मी त्यांच्या समोर उकिडवा बसलो आणि सगळं सांगायला लागलो. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये ऑटोमॅटिक बरी, असं सगळे म्हणतात. आईही तेच म्हणते. ऑफिसातला एकजण म्हणतो, ज्याच्या हातात गिअर नाही तो ड्रायव्हर नाही, पॅसेंजर आहे. मी किती व्हिडिओ बघितले, किती आकडे पाठ केले...

“वस्ताद, तुम्ही फक्त मॅन्युअल म्हणा. मग मी सगळ्यांची तोंडं बंद करतो. माझ्या वस्तादांनी सांगितलंय म्हणतो.”

“तुझ्या वस्तादांनी,” ते म्हणाले.

“मग! आणि मला तर क्लच येतोय. तुमच्याकडं शिकताना टाकीच्या चढावर माझी गाडी एकदा तरी बंद पडली का? नाही ना? मग ऑटोमॅटिक कशाला? तिच्यात डाव्या पायाला कामच नाही. ती काय गाडी झाली? ती लंगड्यांची गाडी.”

वस्ताद हसले. चांगले मोठ्यानं हसले.

मग त्यांनी मांडीवरची चादर बाजूला केली.

डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. पायजम्याची ती बाजू दुमडून वर पिनेनं अडकवली होती.

...

ते वाक्य मला अजून कुठंही आठवतं. दात घासताना आठवतं. सिग्नलला उभं असताना आठवतं. एवढी मराठी भाषा, आणि मला तोच शब्द सापडला.

“वस्ताद, मी...”

“साखर,” ते म्हणाले. “दोन वर्षं झाली. पायात खिळा घुसला, कळलंच न्हाई. मग बोटं गेली. मग घोट्यापतुर. मग हितनं.”

“मला कुणी सांगितलंच नाही.”

“तू कुणाला विचारलंस?”

मी सीटकडं बघितलं. तेव्हा ओळखली. त्यांच्या पांढऱ्या गाडीतली, डाव्या बाजूची. कडेला उसवलेली शिवण तीच. गाडी भंगारात गेली असणार, आणि ही एवढी त्यांनी ठेवून घेतली.

खरं सांगू? अजून एक गोष्ट आठवत होती.

लायसन्स मिळालं त्या दिवशी मी पेढे घेऊन आलो होतो. वस्तादांच्या गाडीपाशी चार नवे शिकणारे उभे होते. त्यांच्यासमोर मी मोठ्यानं म्हणालो होतो, “वस्तादांनी काय शिकवलं? काही नाही! नुसते शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होते. मला आधीपासूनच येत होतं बहुतेक.”

सगळे हसले होते. वस्तादपण हसले होते. हसत हसत पेढा तोंडात टाकला होता.

तेव्हाही साखर असेल का त्यांना?

वस्ताद माझ्या तोंडाकडं बघत होते. त्यांनाही तेच आठवलं असावं.

“तुझ्या पेढ्यानं न्हाई गेला पाय,” ते म्हणाले. “घाबरू नगंस.”

मी खाली बघितलं.

“ऊठ. फिरवून आण मला.”

कुबडी काखेत घेऊन ते निघाले ते सरळ गाडीच्या डाव्या दाराशी. मी धरायला गेलो तर हात झटकला. आत बसले. कुबडी मागच्या सीटवर टाकली.

“सीट मागं घेऊ का?”

“ऱ्हाऊ दे. एवढं अंतर बरं असतं.”

मी गाडी काढली. सपाट रस्त्यावर मस्त पळाली. मी परत बोलायला लागलो, स्वभावच तसा, काय करणार. टर्बो कसा घुमतो, दुसरा गिअर कुठवर ओढतो. वस्ताद खिडकीबाहेर बघत होते.

“टाकीकडनं घे,” ते म्हणाले.

मी मनातून खूश झालो. टाकीचा चढ म्हणजे पाण्याच्या टाकीकडं जाणारा रस्ता, असा भिंतीसारखा. शिकताना वस्ताद रोज मला त्या चढावर मध्येच थांबवायचे आणि रोज तेच सांगायचे. “हँडब्रेक वड. क्लच सोडत ये. गाडी वडाय लागली की मग हँडब्रेक सोड.”

मी एकदाही ओढला नाही. मला वाटायचं, हँडब्रेक भित्र्यांसाठी असतो. मी नुसत्या पायांवर गाडी उचलायचो. रोज उचलायचो. पुण्यात किती जणांना सांगितलंय मी हे! गंमत म्हणजे पुण्यात माझ्याकडं स्कूटर होती, ऑफिसला कंपनीची बस. गाडी चालवली कुणी? सहा वर्षं नुसतं सांगितलं. आज सकाळीही सम्याकडून आलो तो सपाट रस्त्यानंच.

चढाच्या मध्यावर पुढचा टँकर थांबला. त्याला कडेच्या गल्लीत वळायचं होतं. मी ब्रेक दाबला. टँकर आत गेला. समोर मोकळा रस्ता, मागंही कुणी नाही.

ब्रेकवरचा पाय काढला, क्लच सोडला.

गाडीनं एक गचका दिला आणि बंद.

“टर्बो आहे ना,” मी म्हणालो. “वेगळा क्लच असतो याचा.”



परत चालू केली. परत गचका. परत बंद.

तिसऱ्यांदा बंद पडायच्या आधीच ती मागं सरकायला लागली. दोन हात... चार हात... मी कसाबसा ब्रेक दाबला.

आणि तेवढ्यात डावीकडं नजर गेली.

वस्तादांची डावी मांडी जोरात खाली गेली होती. पिन लावलेलं ते टोक हवेत रुतून बसलं होतं. जिथं पाय नव्हता, तिथं ते काहीतरी दाबत होते. सगळा जीव लावून दाबत होते.

त्यांच्या पांढऱ्या गाडीत डाव्या बाजूलाही पेडलं होती. क्लच आणि ब्रेक. शिकवणाऱ्यासाठी.

...

“वस्ताद.”

“हं.”

“मी शिकत होतो तेव्हा इथं गाडी कधीच बंद पडली नाही.”

“न्हाई पडली.”

“एकदाही नाही.”

“एकदाबी न्हाई.”

“म्हणजे...”

ते खिडकीबाहेर बघायला लागले. अगदी तसंच, जसं तेव्हा बघायचे.

“सांगितलं का नाही मला?” मी विचारलं.

“सांगनार होतो. रोज घरनं निघताना ठरवायचो, आज पाय काढून घ्यायचा. पडू दे बंद. घसरू दे जरा. पन तू वर पोचलास की असा हसायचास...” ते थांबले. “ती चूक माजी हाय, इंद्या. तुजी न्हवं.”

मी गप्प बसलो. मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा, मी गप्प बसलो यावर त्यांचा विश्वास बसणार नाही.

मग मला एकदम सुचलं.

“वस्ताद, ठरलं! ऑटोमॅटिकच घेतो. डाव्या पायाचं कामच नाही तिच्यात. तुम्ही चालवाल! उजवा पाय आहे ना तुमचा! रविवारी मी येतो, आपण पन्हाळ्याला जाऊ, तुम्ही चालवायची, मी शेजारी बसतो...”

“मला इचारलंस?”



त्यांनी दार उघडलं. “कुबडी दे.”

“इथं? चढावर कुठं उतरताय?”

“दे.”

मी दिली. ते उतरले, गाडीला धरत धरत मागं गेले. मला वाटलं, कडेला थांबतील. थांबले नाहीत. गाडीच्या बरोबर मागं, चार पावलांवर, रस्त्याच्या मधोमध उभे राहिले.

“आता चढीव,” मागून आवाज आला.

“वस्ताद, बाजूला व्हा!”

“चढीव.”

“अहो, गाडी मागं येते!”

“बघितलं मी.”

“तुम्हाला पळतासुद्धा यायचं नाही!”

“व्हय,” ते म्हणाले. “न्हाई यायचं.”

मी आरशात बघितलं. पांढरी टोपी, पांढरी दाढी, कुबडीवर टेकलेला एक खांदा वर, एक खाली. मघाशी अंगणात मी त्यांच्यासमोर अर्धा तास बसलो होतो, पण ते एवढे वाळलेत हे मला आत्ता दिसलं.

ते हलले नाहीत.

उतरून पळून जावं असं वाटलं. सम्याला फोन करावा, म्हणावं, तूच येऊन ने तुझी गाडी.

मग माझा हात खाली गेला. हँडब्रेकवर.

मी तो ओढला. कर्रकर्र आवाज आला. त्या चढावर तो आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

गाडी चालू केली. पहिला गिअर. उजव्या पायानं जरा रेस दिली. डावा पाय उचलत आणला, हळू... अजून हळू... डोळे आरशात. टोपी तिथंच होती. जवळ आली नव्हती.

गाडीचं नाक जरासं उचललं. अंगात बारीक थरथर आली तिच्या. ती ओढायला लागली होती.

हँडब्रेक सोडला.

बोटभरसुद्धा मागं गेली नाही. वर निघाली. आरशातली टोपी लहान होत गेली, आणखी लहान, पण मी आरसा सोडला नाही. पुढचा रस्ता कसा दिसला, देव जाणे.

वर टाकीच्या फाटकापाशी थांबवली. हँडब्रेक लावला. दोनदा तपासला. आणि उतरून धावत सुटलो खाली.

“जमलं! वस्ताद, जमलं! बघितलं का? एक इंचसुद्धा नाही आली मागं!” फोन माझ्या हातात होताच. “मग आता मॅन्युअलच ना? लावू सम्याला फोन?”

वस्ताद हसले नाहीत. घामानं त्यांची टोपी कडेनं भिजली होती. कुबडी त्यांनी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली आणि माझ्याकडं नीट बघितलं.

“आरशात मी दिसत हुतो का?”

“म्हणजे काय! सगळा वेळ तुमच्याकडंच तर बघत होतो.”

त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला, भार दिला, आणि चढाकडं तोंड केलं.

“मग कुठलीबी घे.”