पावणेदोन फेरे

"पण चाचा, इंजिनाचा आणि मागच्या चाकाचा काय संबंध?"

जुन्या टायरवर बसून कासम मिस्त्री बशीतला चहा फुंकत राहिले.

विचारणारा होता पराग शेट्ये. पुण्याहून इंजिन ट्यूनिंग शिकून आलेला. मिस्त्रींच्याच शेडच्या अर्ध्या भागात त्याने स्वतःचा बोर्ड लावला होता. बोर्डाला हार घालायला त्याची आई खास लांज्याहून आली होती. तेव्हापासून पोराच्या हातात लॅपटॉप आणि नाक आभाळात.

समोर अलकावहिनींची पिकअप उभी होती. साखरप्याहून नारळ भरायचे आणि घाट चढून कोल्हापूर गाठायचं, हा वहिनींचा धंदा. गाडी मागच्या महिन्यातच घेतलेली, सेकंडहँड. घाटात ती रडायची. परागने तीन दिवसांत दोनदा इंजिन ट्यून केलं. दोन्ही वेळा ती दुसऱ्याच वळणावर बसली.

"आता तिसऱ्यांदा अडली ना," वहिनी म्हणाल्या, "तर तुझा बोर्ड चुलीत घालून त्याच्यावर घावणे काढीन."

परागने एकदा बोर्डाकडे पाहिलं. वहिनी बोलल्या म्हणजे करणार, हे सगळ्या साखरप्याला ठाऊक होतं.

"मागचा रेशो किती धरलास?" मिस्त्रींनी विचारलं.

म्हणजे, चाकाचा एक फेरा व्हायला मधल्या शाफ्टला किती फेरे मारावे लागतात, तो आकडा.

"पुस्तकात आहे तोच. जवळजवळ पाच."

"पुस्तक घाट चढतं?"

मिस्त्रींनी खिशातून खडू काढून त्याच्या तळहातावर ठेवला.

परागने पुढच्या चाकांना दगड लावले, गाडी न्यूट्रल केली, मागचं एक चाक जॅकवर उचललं. चाकावर खूण केली, शाफ्टवर खूण केली. मग इस्त्रीच्या शर्टासकट गाडीखाली आडवा झाला.

"वहिनी, चाक फिरवा. बरोबर एक फेरा!"

वहिनींनी पदर खोचला आणि फिरवलं.

गाडीखाली परागने शाफ्टचे फेरे मोजले.

"पावणेदोन..." आतून आवाज आला. "चाचा, पावणेदोन! असा रेशो जगात कुठल्याच पिकअपला नसतो!"

"दुसरं चाक काय करतंय?"

"ते जमिनीवर आहे. नुसतं बसलंय."

"शाफ्टचे फेरे दोघांत वाटलेले. एक बसलं की दुसऱ्याला दोन फेरे."

"जे फिरलंच नाही, त्याचा फेरा कशाला मोजायचा?"

मिस्त्रींनी चहाचा घोट घेतला.

वहिनींनी मात्र चाक पुन्हा खुणेवर आणलं आणि कुणाला न विचारता बरोबर दोन फेरे दिले.

"...साडेतीन," पराग हळूच म्हणाला.

पाच कुठे आणि साडेतीन कुठे! आकडा उतरला की चाकाचा जोरही उतरतो. आधीच्या मालकाने सपाटीवर पळवायला मागचे गिअर बदलले होते, आणि विकताना मिठाची गुळणी धरली होती. असल्या गाडीचं इंजिन घाटात धापा टाकणार नाही तर काय करणार?

दोन दिवसांत घाटाला चालतील असे गिअर मिळाले. ते बसवल्यावर परागने पुन्हा फेरे मोजले, या खेपेला दोनदा, आणि तो आकडा धरून इंजिन ट्यून केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनींचा घाटमाथ्यावरून फोन आला. गाडी नारळांसकट वर पोचली होती. बोर्ड वाचला.

परागला इतका आनंद झाला की त्याने मिस्त्रींचे पाय धरले. पाय सोडले, तशी त्याची कुरकूर सुरू झाली.

"पण चाचा, तुम्हाला पहिल्या दिवसापासून संशय होता ना? मी तीन दिवस एकटाच राबलो. तुम्ही इथे टायरवर नुसते बसून होतात!"

"तू विचारलंस कधी?"

मिस्त्रींनी बशी पालथी घातली.

"एक बसला, म्हणून तर दुसऱ्याला दोन फेरे पडले."