नागूचा पलंग

नदीकाठच्या एका गावात नागू बुरूड राहत असे. बेटातून बांबू तोडून आणावा, सुपं-टोपल्या विणाव्यात, बाजाराला दोन कोस चालत जावं आणि गिऱ्हाइकांशी मनसोक्त हुज्जत घालावी, हा त्याचा क्रम. साठी उलटली, बायको वारली, तरी गावातल्या प्रत्येक सुनेचं माहेर त्याला तोंडपाठ होतं.

पुढे त्याचा मुलगा मल्हारी मोठा व्यापारी झाला. बाप टोपल्या विणतो म्हणून लोक आपल्याला हसतात, असं त्याला वाटू लागलं. त्याने बापाचा कोयता काढून घेतला आणि त्याला गादीच्या पलंगावर बसवलं. रोज शिरापुरी. चालणं बंद, बाजार बंद. त्यात नागूला ऐकू कमी येऊ लागलं, तशी माणसं त्याच्याशी बोलेनाशी झाली.

तीन वर्षांनी थोरली बहीण ठकू त्याला भेटायला आली. नागूने विचारलं, "कुठल्या गावच्या बाई तुम्ही?"

ठकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मल्हारी, काय करून ठेवलंस रे याचं?"

"आत्या, मी काही कमी केलं नाही. पाण्याचा पेलासुद्धा हातात देतो. वय झालं त्यांचं."

"वय? मी त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. पायी आलेय! तुला बापाची लाज वाटली, आणि त्या लाजेवर तू सेवेची चादर घातलीस!"

मग ती भावाच्या कानाशी ओरडली, "आणि तू रे? बस म्हटलं की बसलास?"

दुसऱ्या दिवसापासून ठकू त्याला दंडाला धरून बांबूच्या बेटापर्यंत चालवू लागली. वाटेत भेटेल त्याचं नाव त्याच्या कानात मोठ्याने सांगे, बोलायला लावी. शिरा बंद करून तिने भाजी-भाकरी सुरू केली. हातात बांबूच्या कामट्या दिल्या. नागू चिडला, रडला, शिव्या घालू लागला. ठकू बधली नाही.

सहा महिन्यांनी त्याची बोटं पुन्हा विणू लागली. एके सकाळी तो "ठकूताई" म्हणाला.

मल्हारी हरखला. "आत्या, बाबा बरे झाले!"

"बरा झाला?" ठकू कडाडली. "तुझ्या आईचं नाव विचार त्याला."

मल्हारीने विचारलं. नागूने हातातली कामटी खाली ठेवली. मग त्याने हळूच मान हलवली, आठवत नाही म्हणून.

मल्हारी दाराबाहेर जाऊन उभा राहिला. ठकूने कामटी उचलून पुन्हा नागूच्या हातात दिली.

तात्पर्य: म्हाताऱ्याचं काम, चालणं आणि बोलणं काढून घेणं म्हणजे त्याची बुद्धी काढून घेणं. शरीर आणि मन रोज राबतं ठेवावं, आणि वेळेत ठेवावं. कारण विझलेलं सगळंच पुन्हा पेटत नाही.