तळ्याचा घास

ही गोष्ट तळ्याकाठच्या गावांत अनेक रूपांनी सांगतात. कुठे रातकिडीऐवजी बेडकी येते, कुठे तंबूऐवजी मेंढपाळांचे पाल. घास मागणारे मात्र सगळीकडे एकच. पुढचे रूप सहलीच्या दिवसांतले, म्हणून सर्वांत नवे. वाचताना शब्द बदलू नयेत. मुले लगेच पकडतात.

एक होते तळे. काठावर एक बीळ. बिळात राहायची किरी रातकिडी. तिचे बाळ इवलेसे.

किरी गेली कोवळे पाते आणायला. टुपुक टुपुक.

इकडे राही आली, तिचे बाबा आले, तिची आत्या आली. बाबांनी तंबू उभारला. खुंटी ठोकली. ठक ठक ठक. नेमकी किरीच्या बिळात.

आत्या म्हणाली, "दादा, खुंटी सरळ ठोक रे."

बाबा म्हणाले, "तू खिचडीकडे बघ. करपतेय."

दिवस कलला. सगळे जेवायला बसले. तळ्याकाठी पहिला घास तळ्याचा. तो पाण्यापाशी ठेवायचा असतो. आज कोणीच ठेवला नाही.

तळे गप्प झाले. बगळे उडून गेले. पाण्यावरून धुके निघाले. हळू, हळू, हळू.

किरी परतली. टुपुक टुपुक. दारात खुंटी. आतून आवाज आला, "किर्र."

"खुंटीबाई, निघ गं. बाळ माझं आत."

खुंटी म्हणाली, "आधी दोरी ओढू दे. मग मी निघेन."

किरी गेली दोरीकडे. टुपुक टुपुक.

"दोरीबाई, ओढ गं. खुंटी निघेना, बाळ माझं आत."

दोरी म्हणाली, "आधी तंबू फुगू दे. मग मी ओढेन."

किरी गेली तंबूकडे. टुपुक टुपुक.

"तंबूदादा, फुग रे. दोरी ओढेना, खुंटी निघेना, बाळ माझं आत."

तंबू म्हणाला, "आधी वारा वाहू दे. मग मी फुगेन."

वारा लव्हाळ्यात दबून बसला होता. किरी गेली वाऱ्याकडे. टुपुक टुपुक.

"वारेदादा, वाहा रे. तंबू फुगेना, दोरी ओढेना, खुंटी निघेना, बाळ माझं आत."

वारा कुजबुजला, "हळू बोल. आधी धुकं सोडू दे. मग मी वाहेन."

धुके पांढरे. धुके गार. धुक्याला तोंड नव्हते. किरी गेली धुक्याकडे. टुपुक टुपुक.

"धुकेदादा, सोड रे. वारा वाहेना, तंबू फुगेना, दोरी ओढेना, खुंटी निघेना, बाळ माझं आत."

तोंड नव्हते, तरी धुके बोलले. "आधी तळं बोलावू दे. मग मी सोडेन."

तळे काळे. तळ्यात आभाळ दिसेना, झाडही दिसेना. किरी गेली तळ्याकडे. टुपुक... टुपुक.

"तळेबाबा, बोलवा हो. धुकं सोडेना, वारा वाहेना, तंबू फुगेना, दोरी ओढेना, खुंटी निघेना, बाळ माझं आत."

पाणी हलले नाही. पाण्याखालून आवाज आला. "आधी माझा घास."

किरी वळली. बिळातून आवाज आला, आता अगदी बारीक. "कि..."

किरी धावली. टुपुकटुपुक टुपुकटुपुक. थेट आत्याच्या ताटापाशी.

"आत्याबाई, घास द्या हो. तळं बोलावेना, धुकं सोडेना, वारा वाहेना, तंबू फुगेना, दोरी ओढेना, खुंटी निघेना, बाळ माझं आत."

आत्याला ऐकू आले, "किर्र किर्र."

राहीला सगळे ऐकू आले. ती म्हणाली, "आत्या, तळ्याचा घास राहिला."

आत्याचा हात थांबला. "अगं बाई. राहिला खरंच."

बाबा म्हणाले, "आपण खिचडी संपवली की."

राही म्हणाली, "माझ्या ताटात आहे. हा घे."

आत्याने पळसाचे पान घेतले. पानावर राहीचा घास ठेवला. पान पाण्यापाशी ठेवले. मागे न बघता आली.

लाट आली नाही. तरी पाणी वर चढले, बोटभर. पाणी उतरले. पान रिकामे होते.

मग तळ्याने धुक्याला बोलावले. धुक्याने वाऱ्याला सोडले. वारा वाहिला, सूं सूं. तंबू फुगला, फुस्स. दोरीने ओढले, ताड. खुंटी निघाली, टुण्ण.

बाबा दिवा घेऊन तंबूत शिरले होते. तंबू त्यांच्या अंगावर बसला. आतून बाबा म्हणाले, "दिवा कोणी घालवला?"

आत्या म्हणाली, "सरळ ठोक म्हटलं होतं ना, दादा."

बिळाचे दार उघडले. किरी आत गेली. टुपुक टुपुक.

बाळाने कोवळे पाते खाल्ले.