दाजीसाहेबांचा दगड

बसा पाहुणे, चहा येतोय. तोवर तळ्याकडे बघा. पहिल्या पायरीवर, ऐन वाटेत, तो काळा दगड आहे ना, तो हलवावा असे येणारा प्रत्येक जण म्हणतो. तो हलवता येत नाही. जड आहे म्हणून नव्हे, मनाई आहे म्हणून.

इंग्रज गेले आणि विलीनीकरण व्हायचे होते, त्या मधल्या दिवसांत आमचे करंजगड संस्थान स्वतःला देशच समजू लागले, असे सांगतात. राजेसाहेबांनी नऊ पंच नेमले आणि राज्याची घटना लिहायला सांगितली. मुख्य पंच जमीनदार दाजीसाहेब. नऊ जणांत आमचे आजोबा मल्लाप्पाही होते. दर बुधवारी भर बाजारात, तळ्याकाठी एकेक कलम वाचायचे. हरकत असेल त्याने पायरीवर दगड ठेवायचा. दगड आहे तोवर कलम अडले, आणि ज्याने ठेवला त्यानेच तो उचलायचा. हा नियम दाजीसाहेबांचाच.

जकातीचे कलम झाले, शाळेचे झाले. अकरावे कलम आले: तळ्याचे पाणी सर्वांना खुले. दाजीसाहेबांनी दोन गडी लावून हा दगड आणवला.

वेशीबाहेरच्या वस्तीत तान्हूबाई राहायची. वस्तीला तळे बंद, म्हणून तिथल्या बाया दोन कोसांवर नदीत झरे खणायच्या. त्याच उन्हाळ्यात तिची सून भरल्या घागरीसकट दरडीवरून पडून मेली होती. ती दाजीसाहेबांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"सरकार, दगड उचला. नदी आटली."

"मग रड. डोळ्यांना येईल पाणी."

"रडून झालं, सरकार. तेवढ्यानं घागर भरत नाही."

महिनाभरात दाजीसाहेब तापाने गेले. दगड मात्र राहिला, आणि उचलणारा तर मेलेला! उरलेल्या आठ पंचांना हे बरेच सोयीचे वाटले. "नियम म्हणजे नियम," असे सर्वांत मोठ्याने ओरडले ते आमचे आजोबा.

पुढच्या बुधवारी तान्हूबाई घागर घेऊन आली आणि पायरीवर उभ्या असलेल्या आजोबांना म्हणाली,

"अप्पा, दगड उचलायचा नाही, एवढंच ना?"

"एवढंच."

"मग मी कुठं उचलतेय?"

ती बाजूने उतरली, पाणी भरले आणि वर येऊन घागर त्याच दगडावर टेकवली. आजोबांनी काठी घातली. खापऱ्या पार बाजारापर्यंत उडाल्या, म्हणे. दुसऱ्या बुधवारी ती नवी घागर घेऊन हजर. सात बुधवार, सात घागरी. आठव्या बुधवारी वस्तीतल्या साऱ्या बाया आल्या. पंचांकडे काठ्या चारच होत्या.

तान्हूबाईने घागर दगडावर ठेवली आणि म्हणाली, "अप्पा, सात फोडल्यात. आता आठवी डोक्यावर घ्यायला हात लावा."

त्यांनी लावला नाही. काठी तिथेच टाकून ते बाजारातल्या आपल्या दुकानात शिरले आणि दार ओढून घेतले. घागर सोनाराच्या म्हातारीने उचलून दिली.

पुढे संस्थान विलीन झाले, घटनेचे बाड वाळवीने खाल्ले. अकरावे कलम शेवटपर्यंत मंजूर झालेच नाही. आजही दगड कोणी उचलत नाही. त्याला घागरीच्या बुडाएवढा खळगा पडलाय. आणि आजही बुधवारी तिथे घागर टेकली की हात लावायला आमच्या घरचे कोणीतरी उभे असते.

चहा घ्या. मी आलोच, ती बघा, एक बाई पायऱ्या चढतेय.