न हलणारी ज्योत

"ज्योत हलते का रे?"

"नाही चाचा! सतरा दिवस झाले. एकदासुद्धा हलली नाही."

जना डोर्लेकरने हे अशा ऐटीत सांगितलं, की जणू वारा त्याच्या घरी पाणी भरतो.

कासमचाचा इंजिनखोलीच्या झाकणापाशी वाकले. चाळीस वर्षं त्यांनी खाडीतल्या लाँचचं इंजिन सांभाळलं, आता दर्ग्याच्या पायरीवर बसून असतात. कुणाचं इंजिन आजारी पडलं की लोक त्यांना होडीवर घेऊन येतात. आज जनाने आणलं होतं. मी शेजारच्या होडीत फाटलेलं जाळं शिवत होतो. दुपार कलली होती, भरती चढत होती, आणि दोन्ही होड्या पाळण्यासारख्या डुलत होत्या. माझेही डोळे मिटायला लागले होते.

"ज्योत ठीक आहे, तर मला कशाला बोलावलंस?"

"इंजिन काळा धूर ओकतंय. आणि हा..." जनाने धाकट्या भावाकडे बोट केलं. "हा खाली दोनदा बेशुद्ध पडला. डॉक्टर म्हणतो, काही झालेलं नाही. आता हा म्हणतो, धंदाच सोडतो!"

हरू होडीच्या टोकाला बसला होता. चेहरा पांढराफटक.

गेल्या मोसमात हरू पाण्यात पडला होता, तासाभराने सापडला. तेव्हा जनाने गावदेवीला नवस केला होता. हरू जगला, तर तो जिथे काम करतो तिथेच, इंजिनखोलीत, पुढचा मोसमभर दिवा तेवत ठेवीन. हरू जगला. जनाने दिवा लावला. पण इंजिनखोलीत हवा खेळावी म्हणून वाकड्या तोंडाचे दोन पाइप असतात, एकातून येते, दुसऱ्यातून जाते. त्या वाऱ्याने दिवा विझेल, म्हणून या शहाण्याने दोन्ही पाइपांत देवीच्या ओटीचे खण कोंबले.

आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. पण जनाला सांगणार कोण? आणि नवसाच्या गोष्टीत तोंड घालायची मलाही भीती वाटली, खोटं कशाला बोलू.

"खाली काय होतं रे, हरू?"

"झोप येते चाचा... गोड झोप. मग आई दिसते."

त्यांची आई जाऊन सहा वर्षं झाली.

"ऐकलंत?" जनाने चाचांचा हात धरला. "देवी याला आईच्या रूपात दर्शन देते, आणि हा पळायला बघतो!"

चाचांनी खिशातून बिडी काढली.

"जना, हरूच्या जागेवर जाऊन बस. इंजिन चालू कर. मी वरून झाकण लावतो. बिडी संपली की उघडतो."

"एवढंच ना?"

"एवढंच."

जना खाली उतरला. इंजिन धडधडू लागलं. चाचांनी झाकण लावलं आणि एक हात त्यावर ठेवून बसले. दुसऱ्या हातात बिडी. होडीच्या मागून काळा धूर निघाला आणि पाण्यावर पसरत गेला...

हरू अर्धवट उठला. "चाचा, पुरे."

चाचांनी बिडी पाण्यात टाकली आणि झाकण उचललं. हरूने धावत जाऊन इंजिन बंद करायची तार ओढली. खालून गरम, तेलकट वाफ वर आली. जना फळीला टेकून बसला होता, डोळे अर्धे मिटलेले. आणि हसत होता. आयुष्यात मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"दादा! ए दादा! ऊठ ना रे!"

हरूने काखेत हात घालून त्याला वर ओढलं. पाणी होडीला थापटत होतं.

"काय दिसलं?" चाचांनी विचारलं.

"आई... माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. केसांतून हात फिरवत होती..."

"किती वेळ?"

"दुपारभर."

"अर्धी बिडी झाली."

जनाने पाण्यावर तरंगणारी बिडी पाहिली.

"उठावंसं वाटलं?"

"नाही."

"मला हाक मारावीशी?"

जनाने हरूकडे पाहिलं, आणि एकदम त्याचे डोळे भरून आले.

"ज्योत हलू नये म्हणून रोज मीच झाकण लावायचो, चाचा... माझ्या या हातांनी." मग हात जोडून म्हणाला, "ते खण काढा. तुम्हीच काढा."

"देवीचे आहेत बाबा. मी कसा हात लावू? कोंबलेस तू."

जना उठला. पहिल्या पाइपातला लाल खण ओढला, कपाळाला लावला. मग दुसऱ्यातला हिरवा ओढला, तोही लावला. खाडीचा वारा एका पाइपातून शीळ घालत आत शिरला आणि दुसऱ्यातून कोंडलेली हवा भसकन बाहेर आली.

हरू इंजिनखोलीच्या तोंडावर वाकला. छाती भरून श्वास घेतला. आणखी एक घेतला. त्याच्या गालांवर हळूहळू रंग येऊ लागला. माझी जाळ्यातली सुई हातातच राहिली.

खाली ज्योत हलली. वाकली, पुन्हा उभी राहिली... आणि गेली.

"विझला!" जना मटकन खाली बसला. "मोसम अजून संपायचाय, चाचा. हरूसाठी लावला होता हो... माझ्या हरूसाठी लावला होता!"

चाचांनी हरूकडे पाहिलं. तो अजून श्वास घेत होता.

"मग रडतोस काय? ज्याच्यासाठी लावलास, त्यालाच पोचला."