ताटावर आडवा हात

“…म्हणजे कौसल्या आता बोलते, असं म्हणायला हरकत नाही ना, गुरुजी?”

शैलेंद्रने हे भर पंगतीत विचारलं. सगळ्यांना ऐकू जावं म्हणूनच.

मठाच्या शाळेतल्या कौसल्याला जन्मापासून वाचा नव्हती. हातही वळत नसत, मूठ तेवढी कशीबशी उचलता येई. तिच्यासाठी त्याने खपून बोलकी पाटी केली होती. चित्रावर मूठ टेकली की पाटी बोले.

“आधी वाढ तर,” दाजी गुरुजी म्हणाले.

शैलेंद्रने शिरा वाढला, घास भरवला. पाटी बोलली, “छान आहे.”

त्याने आणखी वाढला.

“आभारी आहे.”

“पाटी मोठी गोडबोली निघाली हो!” वाढपी यमुनाबाई म्हणाल्या. पंगत हसली. शैलेंद्र फुलला.

“लाजू नकोस गं, घे.” त्याने आणखी एक घास भरवला.

कौसल्याची मूठ पाटीवर आपटू लागली. आभारी आहे. आभारी आहे. आभारी आहे…

तिने घास थुंकला. डोळे भरून आले होते.

हसणं थांबलं.

“काय झालं हिला, गुरुजी?”

गुरुजींनी त्याला खाली बसवलं. समोर ताट ठेवलं.

“हात पाठीमागे. पाटीत भरलंस तेवढंच बोलायचं.”

आणि ते वाढू लागले.

“छान आहे,” शैलेंद्र हसत म्हणाला.

गुरुजींनी वाढलं.

“आभारी आहे.”

पुन्हा वाढलं. शिरा ताटाच्या काठाशी आला. शैलेंद्रचा हात आपसूक ताटावर आडवा जायला निघाला. गुरुजींनी नुसतं पाहिलं.

हात मागे गेला.

“आभारी… आहे…”

त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ‘पुरे’ त्याने पाटीत घातलंच नव्हतं. ‘नको’ही नाही. जिच्यासाठी एवढं केलं ती नको म्हणेल, हे त्याच्या मनालाच शिवलं नव्हतं.

तो उठला. कौसल्याकडे बघायचा धीर होईना. खाली मान घालून त्याने पाटीला हात घातला.

“चुकलं माझं. घेऊन जातो ही.”

कौसल्या मोठ्याने ओरडली. तिने पाटीवर कोपर रोवलं.

पाटी हलेना.

शैलेंद्र रडकुंडीला आला.

“नेऊ देत नाही, ठेवली तर रडते… हिला हवंय तरी काय, गुरुजी?”

गुरुजी आपल्या ताटाकडे वळले.

“मला काय विचारतोस?”